वळणावर पडणारं ऑइल प्रेशर: गेजपासून चेंबरपर्यंत माझा अनुभव

जुनी १.३ लिटरची पेट्रोल सेडान, इंजिन बोअर केलेलं, कॅम बदललेला, ७००० आरपीएमपर्यंत फिरणारं, खाली चिकट टायर. अशा गाडीचं पहिलं दुखणं पॉवरचं नसतं, ऑइलचं असतं. साताऱ्यात हे काम ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं लिहितोय, कारण क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट होतो. बहुतेक जण सुरुवातच मोठ्या पंपानं करतात. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटीतून ते सहज निसटत नाही म्हणून प्रेशर उभं राहतं. स्ट्रेनरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत (चेंबरमध्ये) बुडालेल्या पंपाच्या जाळीच्या, तोंडाशी हवा आली तर पंप कितीही मोठा असो, तो हवाच ढकलणार.

आधी मोजमाप. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारला पेटतो. ६००० आरपीएमला इंजिनाला चारेक बार लागतं, त्यामुळे त्या वेगात दिवा पेटेपर्यंत बेअरिंग खलास झालेलं असतं. काट्याचा गेजही पुरत नाही, कारण अर्ध्या सेकंदाची घसरण काटा दाखवतच नाही. ० ते १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर आणि सेकंदाला किमान २५ नोंदी घेणारा लॉगर बसवला. आलेल्या व्होल्टमधून ०.५ वजा करून २.५ नं गुणलं की बार मिळतात. लॉगमध्ये प्रेशरसोबत आरपीएम, ऑइलचं तापमान आणि बाजूचा जी-फोर्स (वळणातला आडवा जोर, १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) हवाच. नुसत्या प्रेशरच्या रेघेवरून काही कळत नाही.

सेन्सर बसवताना आट्यांकडे बघा. जपानी इंजिनांवर बहुधा १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, इंचाला २८. बाजारात मिळणारे बरेच सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात, इंचाला २७. हातानं दोन आटे छान जातात, मग अडतं आणि माणूस पान्याला जोर देतो. तिथं पंपाची ॲल्युमिनियम बॉडी तडकते. योग्य ॲडॅप्टर घ्या. शिवाय पितळी टी आणि त्यावर जड सेन्सर थेट ब्लॉकवर टांगू नका, व्हायब्रेशननं टी मुळाशी तुटतो. फूटभर ब्रेडेड होज (जाळीदार नळी) बाहेर आणून सेन्सर गाडीच्या बॉडीवर क्लँप केला की प्रश्न मिटतो.

लॉग वाचायला शिकलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. गरम इंजिनाला आयडलवर प्रेशर कमी पण वर ठीक असेल, तर बेअरिंगची फट मोठी आहे किंवा ऑइल पातळ पडलंय. आरपीएम वाढतात तरी प्रेशर एका आकड्यावर सपाट राहत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशरला ऑइल माघारी सोडणारा) उघडलाय, जे बरोबरच आहे. तो आकडा फारच खाली असेल तर व्हॉल्व्हचा पिस्टन अडकलाय किंवा स्प्रिंग थकलीय. वरच्या आरपीएमला प्रेशर हळूहळू, थरथरत उतरत असेल तर ऑइलमध्ये फेस होतोय. आणि फक्त लांब वळणात, जी-फोर्स चढल्यावर दीड-दोन सेकंदांनी प्रेशर धाडकन खाली येऊन गाडी सरळ होताच परत चढत असेल, तर स्ट्रेनर उघडा पडतोय. माझ्या लॉगमध्ये हे शेवटचं चित्र होतं.

हे का होतं ते कागदावर मांडून बघा. वळणात १ जी बसला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. समजा चेंबरचा तळ ३०० बाय २४० मिमी, सपाट, आणि स्ट्रेनर मधोमध. खाली ३ लिटर ऑइल असेल तर ते जेमतेम ४२ मिमी खोल असतं. कललं की बाजूच्या भिंतीवर १४० मिमी चढतं, आणि मधोमध तरीही २० मिमी उरतं. म्हणजे स्ट्रेनर बुडालेला. पण खाली दीडच लिटर असेल तर सगळं ऑइल भिंतीपासून १०० मिमीतच गोळा होतं आणि स्ट्रेनर कोरडा. आता पंपाचा हिशेब करा. क्रँकच्या नाकावरचा पंप एका फेरीला ८ सीसी ढकलत असेल, तर ६००० आरपीएमला सेकंदाला ८०० मिली होतात. त्यातलं काही रिलीफ व्हॉल्व्हमधून लगेच माघारी येतं, पण उरलेलं बेअरिंग आणि हेडमधून फिरून खाली यायला वेळ लागतो. तो दीड लिटर वर अडकायला किती सेकंद लागतील ते यावरून कळेल.

म्हणून चेंबर उघडण्याआधी ऑइल वर का अडकतंय ते तपासलं. हेडमधून खाली येणारी भोकं गाळानं अर्धी बुजलेली सापडतात. हेड पॅकिंग ब्लॉकवर ठेवून भोकाला भोक जुळतंय का बघा. स्वस्त पॅकिंगला हमखास फरक असतो. दुसरं कारण ब्लो-बाय. पिस्टनच्या बाजूनं खाली आलेला गॅस ज्या वाटेनं वर जातो त्याच वाटेनं ऑइल खाली उतरायचं असतं. गॅस जास्त झाला की ऑइल हेडमध्येच थांबतं. १९ मिमीचा ब्रीदर पाइप थेट कॅच कॅनला (गॅससोबतचं ऑइल अडवणाऱ्या डब्याला) नेल्यावर इथं सरळ फरक पडतो. कॅनमध्ये साठलेलं ऑइल चेंबरमधून कमी झालेलं असतं, हेही ध्यानात असू द्या.

मग बॅफल, म्हणजे वळणात ऑइल स्ट्रेनरपासून पळू न देणारा अडसर. चेंबर पत्र्याचा होता, म्हणून १.६ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्याची पेटी स्ट्रेनरभोवती वेल्ड करून घेतली. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आरगॉनवाला लागेल. पेटीच्या चारही भिंतींत आत उघडणारी छोटी दारं, स्टीलच्या बिजागरीवर. ऑइल आत येताना दार ढकलतं, बाहेर जायला लागलं की दार स्वतःच बंद होतं. बिजागरीच्या खिळ्याची दोन्ही टोकं ठोकून किंवा वेल्डच्या ठिपक्यानं बंद करा, नाहीतर खिळा निघून दार लोंबकळतं आणि पेटीचा उपयोग संपतो. पेटीवर झाकणपट्टी हवी, पण डिपस्टिक, क्रँक आणि स्ट्रेनरच्या पाइपाला जागा सोडून. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) फिरवून पूर्ण फेरीत किमान ५ मिमी मोकळं राहतंय याची खात्री केली.

शीट मेटलवाल्याला एक गोष्ट आधीच सांगा: चेंबरची फ्लँज (बोल्ट बसतात ती कड) जाड प्लेटला बोल्टनं आवळूनच वेल्ड करायचं. तशीच वेल्ड केली तर फ्लँज पिळते आणि पुढे कितीही सिलिकॉन फासा, गळती थांबत नाही. वेल्ड तपासायला आतून रॉकेल आणि बाहेरून खडूचा लेप. रात्रभरात जिथं भेग असेल तिथं खडू ओला दिसतो.

स्ट्रेनर आणि तळ यांतलं अंतर ६ ते १० मिमी हवं. पोरांच्या खेळायच्या क्लेचा गोळा स्ट्रेनरखाली ठेवून चेंबर पॅकिंगसह लावायचा, काढायचा आणि दबलेला गोळा कापून मोजायचा. अंतर कमी असेल तर पंपाची ओढ गुदमरते, जास्त असेल तर वळणात लवकर हवा लागते. सिलिकॉनची रेघ २-३ मिमीचीच. आत फुगलेला सिलिकॉन सुटून स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो, आणि मग नव्या इंजिनाचं प्रेशर का पडतं ते कुणालाच सापडत नाही.

चेंबर उतरलेलाच होता म्हणून बेअरिंगची फटही बघून घेतली. ढोबळ नियम जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाचा: ४५ मिमीला ४५ मायक्रॉन. प्लॅस्टिगेज (दबून फट दाखवणारी मऊ प्लॅस्टिकची तार) कोरड्या जर्नलवर ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात हलवू नका, कॅप काढून पट्टीशी ताडून बघा. रोजच्या वापराच्या इंजिनात फट यापेक्षा कमी ठेवतात. जास्त आरपीएमला थोडी जास्त चालते, पण मग गरम आयडलचं प्रेशर उतरणार हे मान्य करावं लागतं.

पंपाला फक्त स्वच्छ केलं. रोटरवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजनं बाजूची फट मोजली, रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन १००० नंबरच्या पेपरनं हलका घासला. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवण्याची पद्धत मला पटत नाही. त्यानं फक्त व्हॉल्व्ह उघडण्याचा आकडा वर जातो. आयडलला काही फरक नाही, वळणाला तर नाहीच, उलट पंप जास्त पॉवर खातो. १००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा पुरतो. ७००० ला ७० पीएसआय म्हणजे ४.८ बार.

जोडताना पंपात व्हॅसलीन भरलं, म्हणजे तो लगेच ओढ धरतो. फिल्टर ऑइलनं भरून लावला. प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून, गेजला प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारायचा: १० सेकंद फिरवा, अर्धा मिनिट थांबा. प्रेशर आल्याशिवाय स्पार्क नाही.

ऑइल नुसतं जाड घालून चालत नाही. ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या (दाटपणाचं माप) मध्ये असतं. तेच १२० अंशांना साधारण ९ वर येतं, म्हणजे ३० ग्रेडसारखं वागायला लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात १२० ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून आधी ऑइल कूलर, थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटवर (फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मधल्या चकतीवर). होज आतून किमान १२ मिमी. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीच्या सकाळी ऑइल तापतच नाही, आणि पाणी ९० ला पोहोचलं तरी ऑइल ५० लाच असतं. तेव्हा रेव्ह मारू नये. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे, ग्रेड बदलून उपयोग नाही.

डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर पाव-अर्धा लिटर, बस. त्यापुढे क्रँक ऑइलला झोडपतो आणि फेस होतो.

एवढं करूनही स्लिक टायरवर लांब वळणात प्रेशर पडत असेल तर ॲक्युम्युलेटर: पिस्टनचा सिलिंडर, एका बाजूला ७ ते १५ पीएसआय हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. प्रेशर पडलं की तो साठा परत देतो. इंजिन बंद करण्याआधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे साठा आतच राहतो आणि पुढच्या स्टार्टला आधी बेअरिंगला ऑइल मिळतं. ड्राय संपचा (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या यंत्रणेचा) खर्च या १.३ लिटरच्या गाडीला मला तरी झेपणारा वाटत नाही.

तपासणी यवतेश्वर किंवा पसरणी घाटात करू नका. रस्ता लोकांचा आहे हे एक, आणि घाटातलं वळण इतक्या कमी वेगात संपतं की दोष दिसतच नाही. दोष दिसायला तीन-चार सेकंद टिकणारा जी-फोर्स लागतो, तो ट्रॅकवरच. आपल्या दारातला ४८ नंबरचा हायवे चेन्नईपर्यंत जातो, तिथला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. अलार्म मात्र आधीच लावून घ्या: ४००० आरपीएमच्या वर २.५ बारखाली गेलं की मोठा दिवा, अर्ध्या सेकंदात सावरलं नाही तर ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) रेव्ह कट. पहिल्या ट्रॅक दिवसानंतर फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात पसरून बघायच्या. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड नव्या रिंगांची असते. पण करड्या-तांबूस, चुंबकाला न चिकटणाऱ्या चकाकत्या कपच्या बेअरिंगच्या असतात, आणि त्या दिसल्या तर चेंबर पुन्हा उतरवायचा.