मिशन बंगला विकला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

सलाम सगळ्यांना. आजूबाजूच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) खूप जण विचारतात की तुम्ही चर्चचा जुना मिशन बंगला कायदेशीर विकला कसा, आणि त्याहून जास्त जण विचारतात की विकलाच का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी तेव्हा चर्च कमिटीची सेक्रेटरी होते, पेशानं शिक्षिका, कोर्टकचेरीचा अनुभव शून्य.

आमचं तालुक्याचं गाव, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं आणि मग तिथून गावोगाव शाळा, दवाखाने, बोर्डिंगं झाली, आमचा बंगला त्यातलाच. 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झालेली पोरं याच ओट्यावर जेवायला बसायची असं जुनी माणसं सांगतात. पुढे मिसबाई (मिशनरी बाई) गेल्या, बोर्डिंग बंद पडलं, बंगला मात्र उभा. दरवर्षी कौलं फिरवा, वाळवीचं औषध मारा, घरपट्टी भरा, मागच्या बाजूनं कोणी कुंपण सरकवलं की मोजणी आणा. दानार्पणातला निम्मा पैसा रिकाम्या घरावर जायचा आणि इकडे देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, छप्पर गळायचं, संडेस्कूलला खोली नाही, तरुण पोरं उपासनेला यायची बंद झालेली. एका जुलैमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी बादली ठेवून विधी झाला, बादलीत थेंब पडतायत आणि पाळकसाहेब प्रार्थना करतायत, मला रडू आलं. त्याच आठवड्यात मी कमिटीत विषय काढला.

सर्वसाधारण सभा चार तास चालली. आबा उठले, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, आणि त्यांनी बायबलमधल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण दिली, की राजानं मागितला तरी त्यानं वाडवडिलांचं वतन दिलं नाही. सगळे गप्प. मी एवढंच म्हटलं, आबा, नाबोथाचा मळा पिकत होता, आपल्या बंगल्यात गेली वीस वर्षं एक दिवा लागलेला नाही. त्या दिवशी ठराव झालाच नाही. दुसऱ्या सभेत झाला, तोही या अटीवर की पैसा फक्त देवळाचं छप्पर आणि मुलांसाठी अभ्यासिका यालाच लागेल, पगाराला किंवा रोजच्या खर्चाला एक रुपया नाही. ही अट आबांनीच घातली.

आता कायद्याचं. आमच्या चर्चचा ट्रस्ट स्वतंत्र रजिस्टर आहे, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते, शेतजमीन असेल तर 10 वर्षांच्या वर आणि इमारत किंवा बिगरशेती असेल तर 3 वर्षांच्या वर. एक एजंट येऊन म्हणायचा, ताई, नोटरी करून टाका, परवानगीचं नंतर बघू. असं अजिबात करू नका, परवानगीशिवाय झालेला व्यवहार कायद्यानं वैधच नाही.

आमची खरी अडचण आमच्याच घरात निघाली. शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा काढला तर त्यावरचे दोन ट्रस्टी केव्हाच देवाघरी गेलेले, नवीन निवडले पण चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल झाल्याची कार्यालयाला द्यायची माहिती, कोणी दिलेलाच नाही, खरं तर तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. प्रॉपर्टी कार्डावर वेगळंच जुनं नाव. हे निस्तरण्यात वर्ष गेलं, त्यामुळे विकायचा विचार नसला तरी आपापल्या ट्रस्टचे उतारे आजच काढून बघा असं कळकळीनं सांगते.

जुने कागद शोधताना बंगल्यातल्या कपाटात बोर्डिंगचं रजिस्टर सापडलं. त्यात आबांच्या आजीचं नाव, वय सहा, आणि गावाच्या रकान्यात नुसती रेघ. मी ते आबांच्या घरी नेऊन दिलं. ते बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले, बोलले काहीच नाही.

मग सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट, पेपरात जाहीर नोटीस, बंद लिफाफ्यात टेंडर, सगळ्यांसमोर लिफाफे उघडले, त्याचं प्रोसिडिंग लिहिलं, सह्या घेतल्या. अर्ज सह धर्मादाय आयुक्तांकडे गेला. तिथं बघतात ते हे की विक्री ट्रस्टच्या हिताची, फायद्याची किंवा संरक्षणासाठी आहे का, म्हणून नुसतं पैशाची गरज आहे लिहून भागत नाही. आम्ही छपराचे फोटो, इंजिनिअरचं अंदाजपत्रक आणि बंगल्यावर झालेला पाच वर्षांचा खर्च जोडला, आणि माझ्या मते त्या खर्चाच्या कागदानंच काम केलं. सुनावणीत बोली लावणाऱ्यांना समोरासमोर विचारलं, तेव्हा भाव टेंडरपेक्षा वर गेला. मला तोपर्यंत वाटायचं की ही परवानगी म्हणजे नुसती आडकाठी, त्या दिवशी कळलं की ती मंडळीच्याच पैशाची राखण आहे.

खरेदीखताच्या आधीच्या रविवारी उपासना बंगल्यात ठेवली. खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या टाकल्या. टाळ-मृदंगावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग झाले आणि मग आबांनी उभं राहून रजिस्टरमधली नावं वाचली, सगळी, एकेक करून, आजीचं नाव आलं तेव्हा थोडं थांबले आणि पुढे वाचत राहिले. पुण्याला गेलेली पाच-सहा पोरं त्या दिवशी आली होती.

छप्पर झालंय. जुन्या सागवानी तुळया निघाल्या त्यातल्या चांगल्या तेवढ्या ठेवल्या आणि त्याचीच अभ्यासिकेची बाकं केली. दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी येतात, आमच्या मंडळीतली कमी आणि गावातली जास्त, कोण कुठला हे विचारायचं नाही असं ठरलंय. बंगला शेड्यूल वनवरून कमी करायचा चेंज रिपोर्ट वेळेत दिलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. आबा म्हणालेत, तारखेला मी पण येतो.