सात चर्चांची पायी वारी

रोमच्या टूरच्या पत्रकात सात चर्चांची पायी यात्रा नसते. त्यात बस नाही, शॉपिंग नाही, आणि वीस किलोमीटरहून जास्त चालायचं असतं. संत पेत्र, संत पौल, संत सेबॅस्टियन, लॅटरन, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि शेवटी सांता मारिया माज्जोरे असा हा फेरा. सोळाव्या शतकात फिलिप नेरी या धर्मगुरूने तो लोकांच्या अंगवळणी पाडला. कार्निव्हलच्या दिवसांत सगळं रोम दारूत आणि मुखवट्यांत बुडालेलं असताना हा गृहस्थ पोराटोरांना गोळा करून, गात गात वेशीबाहेर पडायचा.

आम्ही तिघे होतो. मी वसईचा. दुसरे आमच्याच भागातले एक फादर, रोममध्ये चर्चचा इतिहास शिकणारे. तिसरा माझा मित्र, मिलानला नोकरी करणारा, मूळचा नीरेकाठचा. माउलींची पालखी त्याच्या गावावरून जाते. चर्चशी त्याचा फारसा संबंध नाही, पण चालायचं आहे म्हटल्यावर त्याने पुढचं काही विचारलंच नाही.

माझ्या डोक्यात एक जुना प्रश्न होता. आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये, नागासाकीला क्रुसावर मारले गेले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. पण संतपद जाहीर झालं १८६२ साली, म्हणजे दोनशे पासष्ट वर्षांनी. मग रोममध्ये ज्यांच्या कबरींवर एवढाल्या बॅसिलिका उभ्या आहेत, त्यांना संत कुणी केलं? कुठल्या कागदावर सही झाली?

सही कुणीच केली नाही, हे फादरांनी संत पेत्रच्या चौकातच सांगून टाकलं. इ.स. २००च्या सुमारास गायस नावाचा रोममधला एक धर्मगुरू वादात प्रतिपक्षाला सुनावतो, की व्हॅटिकनवर चल नाहीतर ओस्तियाच्या रस्त्याला चल, ज्यांनी हे चर्च उभं केलं त्या प्रेषितांची स्मारकं तुला दाखवतो. तेव्हा ना घुमट होता, ना हा खांबांचा चौक. टेकडीच्या उतारावर बाकीच्या कबरींच्या दाटीत एक लहानसं स्मारक होतं. १९४०च्या दशकात मुख्य वेदीच्या खाली खणलं तेव्हा ते हाती लागलं. मला गायसची ही पद्धत फार आवडली. पुरावा मागितला की तो सरळ रस्ता दाखवतो.

हा रस्ता वेशीबाहेरचा का, तेही सोपं आहे. रोमी कायद्याने शहराच्या आत मृतांना पुरता येत नसे. त्यामुळे सगळ्यांच्याच कबरी बाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला. पेत्र, पौल, सेबॅस्टियन, लॉरेन्स ही चारही चर्चं त्या काळच्या शहराबाहेर आहेत, आणि म्हणूनच ही वारी रोमला वळसा घालून जाते.

संत पौलपर्यंतचा टप्पा कंटाळवाणा आहे. नदी दिसते, पण गाड्यांचा आवाज पाठ सोडत नाही. बॅसिलिकेत मात्र थांबावं. पौलाच्या कबरीवरच्या जुन्या संगमरवरी फरशीला भोकं आहेत. भाविक त्यांतून कापडाच्या पट्ट्या खाली सोडत, कबरीला लावून वर ओढत आणि तीच पट्टी प्रसादासारखी घरी नेत. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राज्ञीने ५९४ साली पोप ग्रेगरींकडे पौलाचं मस्तकच मागितलं होतं. पोपनी नम्रपणे नकार दिला आणि कळवलं की आमच्याकडे संतांच्या देहाला हात लावायची रीत नाही, आम्ही कबरीला लावलेलं कापड देतो. पुढच्या शतकांत रोमने ही रीत कशी गुंडाळून ठेवली आणि हाडं पेट्या भरभरून युरोपभर कशी गेली, तो वेगळा विषय. माझं मत विचाराल तर कापडच बरं होतं.

तिथून सेबॅस्टियनकडे जाणाऱ्या रस्त्याचं नावच 'सात चर्चांचा रस्ता' आहे. गार्बातेल्लाच्या वस्तीतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून आपण जातो. इथे मित्राने फादरांना विचारलं, "पण सुरुवात कुठून झाली, फादर? पहिला संत कुणी ठरवला?"

पहिला कोण ते सांगता येणार नाही, पण रीत कशी पडली ते एका पत्रात दिसतं, असं म्हणत फादरांनी स्मर्ना गाठलं. म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. इ.स. १५५च्या सुमारास तिथले म्हातारे बिशप पॉलिकार्प यांना जाळून मारलं. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो, असं अधिकारी म्हणाला. त्यावर ते म्हणाले, शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, आता माझ्या राजाची निंदा कशी करू? स्मर्नाच्या ख्रिस्ती मंडळीने दुसऱ्या गावच्या एका मंडळीला हे सगळं लिहून कळवलं. शेवटी लिहिलं की त्यांची हाडं आम्हाला रत्नांहून मोलाची, ती गोळा करून योग्य जागी ठेवली आहेत, आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे जमून आम्ही त्यांचा जन्मदिवस पाळू. मरणाचा दिवस, पण ते त्याला जन्मदिवस म्हणतात. अर्जबिर्ज कुणी केलेला नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनीच तारीख ठरवली आणि जागा ठरवली.

"मग तुकोबांसारखंच की," मित्र म्हणाला. "देहूला बीज कुणाच्या परवानगीने सुरू झाली?"

फादर हसले, पण हो म्हणाले नाहीत. त्याचं कारण पुढे कळलं.

संत कॅलिस्टसच्या कॅटाकोममध्ये, म्हणजे भुयारी दफनभूमीत, मला सर्वांत जास्त वेळ घालवायचा होता, आणि नेमकं तिथेच गाइडच्या मागे धावावं लागतं. जिना उतरलं की एका लहान खोलीत तिसऱ्या शतकातल्या रोमच्या बिशपांच्या कबरी आहेत. १८५४ साली द रोस्सी या संशोधकाने ही खोली शोधली. सम्राट डेशियसने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्यात २० जानेवारी २५० रोजी मारले गेलेले फॅबियन यांची फरशी इथली. फरशीवर ग्रीक अक्षरांत नाव, मग बिशप, आणि मग रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी प्राण देणारा, या शब्दाची आखूड खूण. ती खूण वेगळ्या हाताने, मागाहून कोरलेली आहे. फॅबियननंतर रोमची गादी वर्षभर रिकामी होती. म्हणून संशोधकांचा एक तर्क असा, की माणूस धर्मासाठी मेला हे सगळ्यांना ठाऊक असूनसुद्धा कबरीवर रक्तसाक्षी लिहायला अधिकृत होकार लागत असावा, आणि नवा बिशप आल्याशिवाय तो द्यायचा कुणी? सगळ्यांना हा तर्क पटत नाही. मला पटतो.

म्हणजे तिसऱ्या शतकातच लोकांच्या भक्तीला कुणीतरी तपासत होतं. त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन लपून बसलेल्या जागेवरून आपल्या धर्मगुरूंना लिहितात, की तुरुंगात जे मरतात त्यांचे दिवससुद्धा टिपून ठेवा, म्हणजे त्यांचं स्मरण करता येईल. भोवती माणसं मरत असताना बिशप तारखा लिहून घ्यायला सांगतो आहे. आठ वर्षांनी सम्राट व्हॅलेरियनच्या छळाची बातमीही त्यांनीच पत्रातून पुढे धाडली, की ६ ऑगस्टला पोप सिक्स्टस यांना दफनभूमीतच मारलं, बरोबर चार डीकन, म्हणजे बिशपांचे मदतनीस. सिक्स्टस याच खोलीत ठेवले गेले. पुढच्याच महिन्यात, १४ सप्टेंबर २५८ रोजी, सिप्रियनचाही शिरच्छेद झाला.

संत सेबॅस्टियनच्या खाली वातावरण बदलतं. तिथे एका जुन्या ओसरीच्या भिंतीवर शेकडो यात्रेकरूंनी टोकदार काहीतरी घेऊन खरडलं आहे. 'पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी प्रार्थना करा.' दुसरा एक टोमियस सीलियस सांगतो, की मी पेत्र-पौलांच्या नावाने इथे जेवण घातलं. मित्र त्या भिंतीपुढून हलेना. "हे तर आपलंच झालं, माउली," तो म्हणाला. संतांच्या कबरीवर जेवण ही मोठीच रीत होती. पुढे आफ्रिकेत बिशप झालेल्या ऑगस्टीनने आपल्या आईची, मोनिकाची, आठवण लिहून ठेवली आहे. आफ्रिकेतल्या सवयीप्रमाणे ती मिलानला खीर, भाकरी आणि वाइन घेऊन रक्तसाक्ष्यांच्या कबरीवर निघाली, तर दारवानाने अडवलं, कारण बिशप अँब्रोज यांनी बंदी घातली होती. लोक पिऊन धिंगाणा घालत. ती मुकाट परत फिरली.

वर येऊन अप्पिया या प्राचीन रस्त्याच्या काळ्या दगडांवर बसलो तेव्हा फादरांनी मघाचं उत्तर दिलं. संत ठरवणं नुसतं लोकांवर सोडलं की काय होतं याचे दोन किस्से. कार्थेजला लुसिला नावाची श्रीमंत बाई प्रभुभोजनाआधी कुणा रक्तसाक्ष्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची. कुणाचं हाड, मान्यता आहे का, काही पत्ता नाही. तिथला मुख्य डीकन सेसिलियन याने तिला फटकारलं. ती चिडली, आणि पुढे सेसिलियन बिशप झाल्यावर तिचा पैसा त्याच्या विरोधकांमागे उभा राहिला. आफ्रिकेचं चर्च त्या भांडणात शतकभराहून जास्त काळ दुभंगलं. दुसरा किस्सा फ्रान्समधल्या तूरचे बिशप मार्टिन यांचा. गावाजवळ एका रक्तसाक्ष्याची कबर म्हणून लोक पूजत होते. मार्टिननी नाव विचारलं, काळ विचारला. कुणालाच सांगता येईना. त्यांच्या चरित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी कबरीपाशी प्रार्थना केली, तर मेलेल्याची सावली उभी राहून कबूल झाली, की मी दरोडेखोर, गुन्ह्यांसाठी मारला गेलो. वेदी तिथून हलवली.

सावली मी बाजूला ठेवतो. पण मार्टिनचे दोन प्रश्न, नाव काय आणि केव्हा मेला, हे पुढच्या सगळ्या चौकशांचं बीज आहे. ४०१ साली कार्थेजच्या धर्मसभेनेही ठरवलं, की शेतात आणि रस्त्यांवर रक्तसाक्ष्यांच्या नावाने उभारलेल्या ज्या वेद्यांखाली देह किंवा अवशेष नाहीत त्या पाडाव्यात. नुसत्या स्वप्न-दृष्टान्तांवर उभारलेल्या तर नकोतच. स्पेनमधल्या एल्विराच्या सभेने त्याआधीच सांगितलं होतं, की मूर्ती फोडताना मारला गेलेला माणूस रक्तसाक्षी धरायचा नाही.

नेरीची मंडळी व्हिल्ला मात्तेईच्या बागेत जेवायची. पाव, अंडं, चीज, सफरचंद आणि थोडी वाइन, सोबत गाणी. आम्ही त्याच बागेत मिलानहून आलेली थालीपीठं खाल्ली. लॅटरन आणि पवित्र क्रूस इथे रक्तसाक्ष्यांच्या कबरी नाहीत आणि माझे तळवे बोलू लागले होते, म्हणून तिथे प्रार्थना करून निघालो.

संत लॉरेन्सचं चर्च आज मोठ्या स्मशानाला लागून आहे. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते फुटलं होतं. लॉरेन्स सिक्स्टसचेच डीकन, चार दिवसांनी मारले गेले. ३५४ सालच्या एका रोमी पंचांगवजा संग्रहात रक्तसाक्ष्यांची यादी आहे. त्यात फक्त तारीख, नाव आणि रस्ता. १० ऑगस्ट, लॉरेन्स, तिबुर्तिना रस्ता. रोमचा संतपदाचा दप्तरखाना सुरुवातीला एवढाच होता, आणि मागच्या शंभर वर्षांतली यात्रा त्यात नुसती उतरवून घेतली होती.

पुढे गादीचा हात बळकट होत गेला. रोमहून संत जाहीर केल्याचं पहिलं पक्कं उदाहरण ९९३चं, आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांचं. १२३४ मध्ये हा अधिकार फक्त पोपचा असं कायद्यात आलं. १५८८ मध्ये त्यासाठी खातं निघालं. सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी परवानगीशिवाय सार्वजनिक भक्तीच बंद केली, मात्र फार पूर्वीपासून चालत आलेली भक्ती वगळली. म्हणून लॉरेन्सची फाइल कधी उघडलीच नाही. गोन्सालो गार्सियांची उघडली. याच अर्बननी १६२७ मध्ये त्यांना संतपदाच्या पहिल्या पायरीवर नेलं, आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी संत पेत्रमध्ये त्यांना संत जाहीर केलं. हेच पायस फॅबियनची कबर सापडली तेव्हा कॅलिस्टसच्या त्या खोलीत उतरले होते.

माज्जोरेच्या पायऱ्यांवर बूट काढून बसल्यावर मित्राने विचारलं, "तुमच्या गोन्सालोंची तारीख आहे, जागाही आहे. मग तिथे चालत कोण जातं?"

मी म्हटलं, ते स्वतःच चालत गेले होते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून त्यांना क्योतोला पकडलं, डाव्या कानाची पाळी कापली आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर चालवत नेलं. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत सेवेला बरोबर आलेले दोघे त्यांच्यात धरले गेले, आणि ५ फेब्रुवारीला टेकडीवर क्रूस लागले सव्वीस.