सरळ रेषेला शॉक देत नाहीत

काल रात्रीपासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. माझी भाची सई ते कुणाला म्हणाली? टीव्हीला की मला?

आम्ही सगळे सिनेमा बघत बसलो होतो. पडद्यावर नेहमीचाच प्रसंग चालला होता. मॉनिटरवरची हिरवी रेषा सपाट होते, तो लांबलचक एकसुरी आवाज येतो, डॉक्टर इस्त्रीसारखी दिसणारी ती दोन साधनं हातांत घेऊन एकमेकांवर घासतात, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतात आणि शरीर गादीवरून हातभर उडतं. एकदा उडतं, दुसऱ्यांदा उडतं, आणि मग रेषेवर पुन्हा डोंगर उमटायला लागतात. सई रात्रपाळीला निघाली होती. चार्जर शोधत खोलीतून जाता जाता म्हणाली, "सरळ रेषेला शॉक देत नाहीत." आणि चार्जर घेऊन गेली.

वहिनीने आवाज कमी केला. दादाने उगाचच मोबाइल उचलला. कुणी काही बोललं नाही, आणि त्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवलीय, अप्पा गेले त्या दिवसाची. पाच वर्षं मी ती सांगत आलेय. भेटायला आलेल्यांना, फोनवर, लग्नकार्यात भेटलेल्या लांबच्या माणसांनाही सांगितलीय. "त्यांनी अप्पांना एकदासुद्धा शॉक दिला नाही. मशीन शेजारीच होतं. मी दारातून ओरडत होते, शॉक द्या ना, सुरू करा ना. आणि ते नुसते हातांनी दाबत राहिले."

'नुसते' हा शब्द मी प्रत्येक वेळी वापरला. तेवढं मला पक्कं आठवतंय.

रात्री झोप लागली नाही तेव्हा वाचत बसले. आधी चिडूनच वाचत होते. सईचं चुकलेलं निघावं, निदान अर्धं तरी चुकलेलं निघावं, असं वाटत होतं. पण जिथे बघावं तिथे तेच. हृदय बंद पडतं ते एकाच प्रकारे पडत नाही. कधी खालच्या कप्प्यांतल्या पेशी आपापल्या तालावर नुसत्या थरथरायला लागतात. त्याला व्हेंट्रिक्युलर फायब्रिलेशन म्हणतात. मॉनिटरवरची रेषा तेव्हा सपाट नसते, लहान मुलाने पेन्सिलीने गिरगटल्यासारखी दिसते. हृदयात वीज असते, पण ताल नसतो, म्हणून रक्त पुढे जात नाही. शॉक द्यायचा तो अशा वेळी. किंवा ठोके अतिवेगाने पडत असूनही नाडी लागत नसेल तेव्हा. रेषा सपाट असेल तर पेशींमध्ये वीजच उमटत नसते. शॉकने शांत करावं असं तिथे काही उरलेलं नसतं.

एक वाक्य मात्र मी तीन-चारदा वाचलं. शॉक हृदय सुरू करत नाही. तो त्याला क्षणभर थांबवतो. सगळ्या पेशींचा गोंधळ एका फटक्यात गप्प करतो, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यातला जो मूळचा पेशींचा पुंजका ठोके देतो त्याला पुन्हा ताल धरायला वाव मिळतो. मिळाला तर मिळाला.

आणि मी ओरडत होते, सुरू करा.

मला हे कुणी सांगितलं का नाही? मध्यरात्र उलटून गेल्यावर मी खरंच रडले, आणि ते अप्पांसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. पाच वर्षं मी हे ओझं वाहिलं. त्यांना वाचवता आलं असतं आणि कुणीतरी एक बटण दाबलं नाही, हे ओझं. रात्री कूस बदलताना ते मशीन दिसायचं. चूक होती तर कुणीतरी अडवायला हवं होतं मला. दादा तर आत उभा होता. मी दाराशी होते, तो पलंगाच्या पायाशी. तो डॉक्टर त्याच्याशी काहीतरी बोललाही होता. दादाने मला कधी... जाऊ दे. तो विषय आज नको.

मग वाटलं, मला कोण शिकवणार होतं? मी जे शिकले ते पडद्यावरून. लहानपणापासून शेकडो वेळा बघितलंय: रेषा सपाट, शॉक, माणूस जिवंत. त्याविरुद्ध एकही दृश्य मी कधी बघितलेलं नव्हतं. मला सिनेमा मनापासून आवडतो, यापुढेही आवडेल, पण हे मात्र सिनेमावाल्यांनी करायला नको होतं असं मला वाटतं. का करतात तेही कळतं. सपाट रेषेचा अर्थ सांगावा लागत नाही, खोलीतल्या सगळ्यात लहान मुलालाही तो कळतो. गिरगटलेली रेषा दाखवली तर निम्म्या प्रेक्षकांना वाटेल, हलतेय ना अजून, मग घाबरायचं कशाला? पण तेवढं एक चित्र बदलायला काय लागतं? रेषा थरथरताना दाखवा, मग शॉक द्या. नाट्य तेवढंच राहील. आणि दाराशी उभी असलेली कुणीतरी मुलगी चुकीचं ओरडणार नाही.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९६ साली याच विषयावर एक अभ्यास आला होता. तिघा डॉक्टरांनी अमेरिकी टीव्हीवरच्या तीन मालिकांचे ९७ भाग बसून बघितले. त्यांत ६० वेळा छाती दाबून माणूस वाचवायचा प्रयत्न होता. त्यांतले ७५ टक्के तिथल्या तिथे वाचले आणि ६७ टक्के घरी परत गेले असावेत असं दिसलं. बहुतेक रुग्ण लहान मुलं नाहीतर तरुण होते. आणि खरं चित्र? रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसांपैकी अमेरिकेतसुद्धा साधारण दहातला एक घरी जातो. मॉनिटर लावल्याबरोबर रेषा सपाट दिसली तर त्याहून पुष्कळच कमी.

अप्पांची रेषा मॉनिटर लावल्यापासून सपाट होती. हे मला माहीत होतं. मीच तर सांगत आलेय ते सगळ्यांना. माझ्याच गोष्टीत ते उत्तर होतं आणि मी ते तक्रार म्हणून सांगत होते.

मग मी एक विचित्र काम केलं. माझी गोष्ट पहिल्यापासून मनातल्या मनात सांगितली आणि प्रत्येक तक्रारीपाशी थांबले. 'सारखी माणसं बदलत होती, एकाला धड जमत नव्हतं म्हणून दुसरा यायचा.' तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच असतो. दाबणारा थकला की त्याला स्वतःला कळायच्या आधीच दाब उथळ व्हायला लागतो. 'मध्येच थांबून नुसते स्क्रीनकडे बघत होते.' ते बघणंच महत्त्वाचं होतं, रेषा बदलली का ते. तेवढे काही सेकंदच थांबायचं, जास्त नाही, कारण हात थांबले की मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं. 'कसलं तरी इंजेक्शन देत राहिले.' ॲड्रेनॅलिन, दर तीन ते पाच मिनिटांनी. 'बरगडी मोडल्याचा आवाज आला, इतकं निर्दयपणे दाबत होते.' प्रौढ माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जायला हवी, त्यात बरगड्या मोडतात, आणि पुष्कळदा मोडतात. तो आवाज माझ्या कानातून जाणार नाही. पण आता तो वेगळा ऐकू येतो.

'नुसते हातांनी' या शब्दांशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. हातांनी दाबणं म्हणजे मशीन न वापरणाऱ्यांचा कसाबसा उपाय, अशी माझी समजूत होती. खरी हकिगत अशी की ही पद्धत शॉकच्या मशीनवर काम करणाऱ्यांनाच सापडली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हन नावाचे विद्युत अभियंते छाती न उघडता शॉक कसा देता येईल यावर कुत्र्यांवर प्रयोग करत होते. त्यांचा सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की शॉकची ती जड साधनं छातीवर दाबून धरली की, वीज सोडण्याआधीच, नुसत्या दाबाने रक्तदाब किंचित वर जातो. त्या एका निरीक्षणातून, जेम्स ज्यूड या शल्यविशारदाला सोबत घेऊन, त्यांनी १९६० साली बाहेरून छाती दाबण्याची पद्धत जगापुढे मांडली. हे कुणालाही, कुठेही करता येईल आणि त्याला दोन हात पुरेत, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. त्याआधी बहुतेक वेळा छाती कापून हृदय मुठीत धरून दाबावं लागायचं.

म्हणजे ते वीज शोधायला गेले आणि त्यांना हात सापडले. पहाटे चारला हे वाचलं आणि मी पुस्तक छातीशी धरावं तसा मोबाइल धरून बसले.

यात आणखी एक आकडा होता. थरथरणाऱ्या हृदयाला मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. अप्पा पडले तेव्हा घरात आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही छाती दाबता येत नव्हती. रेषा पुढे सपाट झाली, पण सुरुवातीला कदाचित... हे गणित मी करणार नाही.

त्या डॉक्टरचा चेहरा मला आठवत नाही. बारीक होता, तरुण होता, सईएवढाच असेल. कोपर ताठ ठेवून दाबत होता आणि मोठ्याने आकडे मोजत होता. मी ओरडले तेव्हा त्याने मान वर केली नाही. ते मला उर्मट वाटलं होतं, आणि मी तसंही सांगत आलेय. 'उर्मट होता.' तो मान वर करून मला समजावत बसला असता तर हात थांबले असते. त्याला कुणी सांगेल का कधी, की दाराशी ओरडणाऱ्या त्या बाईला आता कळलंय? ज्यांना ज्यांना मी ती गोष्ट सांगितली त्यांना पुन्हा गाठून खरं सांगायला हवं. काही जण आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांना तरी.

सकाळी उठले तर हलकं वाटत होतं. याचं मला वाईट वाटावं की नाही ते ठरवता येईना. वाचवता आले असते आणि वाचवले नाहीत, हे मनात धरून एवढी वर्षं काढली. आता ते नाही. त्या जागी फक्त एवढंच आहे की ते गेले. हे जास्त जड असेल असं वाटलं होतं, तसं नाही. चहा नेहमीसारखा केला.

सई दुपारी झोपून उठली. मला विचारायचं होतं, काल तू ते कुणाला म्हणालीस? अप्पा गेले तेव्हा ती बारावीत होती, आणि पुढे तिने हेच शिक्षण का घेतलं हेही मी कधी विचारलेलं नाही. माझी गोष्ट तिनेही किती वेळा ऐकली असेल. पण मी विचारलं ते भलतंच. म्हटलं, "ते कसं दाबतात, दाखवतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्या, अप्पांच्या छातीवर स्टिकर लावलेले होते का गं? मोठे, वायर असलेले?"

होते. एक उजव्या खांद्याच्या खाली, एक डाव्या बगलेखाली. मला वाटलं होतं ईसीजीचे असतील.

"शॉकचे होते ते," सई म्हणाली. "म्हणजे सगळं तयार होतं. रेषा थरथरायची वाट बघत होते ते."

मग तिने सोफ्याची कडक उशी जमिनीवर ठेवली. मला गुडघ्यांवर बसवलं, एका तळव्यावर दुसरा ठेवला, बोटं गुंतवली, कोपर सरळ केले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तिने सांगितलं. मी मोजायला लागले. तिसाव्याला दम लागला. साठाव्याला कंबर भरून आली. "उथळ होतंय," सई म्हणत होती, "अजून खोल, अजून." मला वाटलं पाच मिनिटं तरी झाली असतील. तिने घड्याळ बघितलं आणि दीड मिनिट झालं म्हणाली. दोन मिनिटं भरली तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "बदल" असं म्हणून माझ्या जागी बसली.

अप्पांसाठी ते किती वेळा बदलले होते, मी आठवून मोजलं. अकरा वेळा.

दारात दादा उभा होता. किती वेळ ते माहीत नाही. सई दाबत राहिली, मोजत राहिली. तो आत आला, तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि काही न बोलता त्याने हात पुढे केले.

मनगटं अजून ठणकताहेत.