अंडं उबवणारी पोरगी

हिंगणघाटकडं आमचं गाव. सकाळी सातला मी अंगणवाडीतल्या अन् पहिलीच्या पोट्ट्यांना फुटबॉल शिकवतो, शिकवतो कसला, अर्धा वेळ चड्डीचे नाडे बांधण्यातच जाते. आधी दोनच बॉल होते, तेही मोठ्यांचे पाच नंबरचे, साडेचारशे ग्रॅमपर्यंत वजन असते त्याचं, लाथ मारली की बॉल तिथंच अन् पोट्टंच उताणं. मग वर्गणी काढून लहान, तीन नंबरचे बारा आणले. पोट्टे पंधरा, त्यामुळे रोज भांडण.

त्यात एक पोरगी, पाचेक वर्षांची, आल्या आल्या एक बॉल धरायची अन् त्याच्यावर बसून जायची. "काऊन बसली वं?" तर म्हणे, "अंडं हाय सर, उबवून राह्यली."

त्या दिवशी मी बीपीएडला, म्हणजे खेळाच्या मास्तरकीच्या कोर्सला, शिकलेली ड्रिल लावली, प्लास्टिकचे कोन ठेवले, रांग लावली, नंबर आला की ड्रिब्लिंग करत, म्हणजे पायानं बॉल ढकलत जायचं. रांग दोन मिनिटं टिकली असेल. एक माती खाऊन राह्यला, दोघं बकरीमागं, बाकीच्यांनी कोन टोपीसारखे डोक्यात घातले. पारावरून एक आजा ओरडला, "अबे, डोक्यानं मारायले शिकव ना पोट्ट्यायले!" अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग 2015 मध्येच बंद करायचं ठरलं, पण आज्याला हे कोण सांगणार!

शिट्टी खिशात टाकली अन् पोरीजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "तुझं अंडं कोल्ह्यानं नेलं तं?" डोळे एवढे मोठे झाले तिचे. मग फक्कीनं गोल आखला, हे घरटं, हे सगळे अंडे, मी कोल्हा, हात लावला की अंडं फुटते, पायानंच न्यायचं. रांगबिंग काहीच नाही, सगळे एकदमच सुटले, तिघांना बॉल नव्हता त्यांना कोल्ह्याचे पिल्लू केलं, ते तर जास्तच खूश. पोरगी उठली, मी आडवा गेलो तर तिनं बॉलवर तळपाय ठेवून थांबवला अन् दुसरीकडून वळवून नेला. हे मी तिला शिकवलंच नव्हतं! पस्तीस मिनिटं कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

नंतर मोजले तर अकराच बॉल.

दुसऱ्या दिवशी वेचणीला जाता जाता तिची माय बॉल घेऊन आली, "रातभर गोधडीत घेऊन झोपली जी, पिल्लू निघन म्हणते." पोरगी मागं लपून उभी. हळूच विचारलं, "सर, कितीक दिवस लागते?"

मी बोलून गेलो, एकवीस. आता रोज आल्या आल्या बोटं मोजते.