ब्रिज बरोबरच होता, मी भलतीकडेच शोधत होतो

घरच्या लिनक्स सर्व्हरवर केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) तीन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालू होत्या, तिन्ही लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्ट नेटवर्कवर, म्हणजे १९२.१६८.१२२ वाल्या नॅटवर, जिथे व्हीएम सर्व्हरच्या आयपीआड लपतात. व्हीएममधून बाहेर इंटरनेट एकदम झकास, पण लॅपटॉपवरून व्हीएमपर्यंत पोचायचं म्हटलं की प्रत्येक पोर्ट फॉरवर्ड करत बसा. मला हवं होतं की व्हीएमला राऊटरनेच आयपी द्यावा, घरातल्या बाकी मशीनसारखा.

आधी आळस केला आणि व्हर्ट-मॅनेजरमध्ये (लिबव्हर्टचं खिडकीवालं ॲप) मॅकव्हीटॅप (व्हीएमला थेट नेटवर्क कार्डावर बसवणारा प्रकार) निवडलं, कारण त्यात होस्टची, म्हणजे खुद्द सर्व्हरची, सेटिंग अजिबात बदलावी लागत नाही. दोन मिनिटांत व्हीएमला राऊटरचा आयपी मिळाला, लॅपटॉपवरून पिंगही झालं, मी खूश. मग कळलं की खुद्द होस्टवरूनच व्हीएम दिसत नाही. मॅकव्हीटॅप असंच असतं, होस्ट आणि गेस्ट (म्हणजे व्हीएम) एकाच कार्डावर असले तरी एकमेकांशी बोलू शकत नाहीत. माझा बॅकअप होस्टवरून चालतो, त्यामुळे हे बाद.

मग रीतसर ब्रिज. कल्पना सोपी आहे, बीआर० नावाचा एक व्हर्च्युअल स्विच बनवायचा, खरं कार्ड (माझ्याकडे ईएनपी३एस०) त्याला जोडायचं आणि होस्टचा आयपी कार्डावरून काढून ब्रिजला द्यायचा. कार्डावर आयपी तसाच ठेवला तर गोंधळ होतो, म्हणून तिथे डीएचसीपी (राऊटरकडून आपोआप आयपी मागायची पद्धत) बंद. आणि हो, हे केबलवरच करा, वायफायवर साधा ब्रिज चालत नाही कारण ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या कार्डाच्या मॅक ॲड्रेसशिवाय (कार्डाचा ओळख क्रमांक) दुसऱ्या मॅकची फ्रेम (नेटवर्कवरचं पाकीट) घेतच नाही.

नेटप्लॅनची (उबंटूत नेटवर्क ठरवणारं साधन) फाइल लिहिली, एसटीपीसुद्धा (ब्रिजमध्ये पॅकेट गोल गोल फिरू न देणारी सोय) बंद केलं, कारण ते चालू असेल तर नवीन पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि तेवढ्यात व्हीएमचा डीएचसीपी कंटाळून जातो. मग शहाण्यासारखं नेटप्लॅन ट्राय दिलं, की चुकलं तर १२० सेकंदांनी आपोआप जुनं परत येईल. तर ते म्हणतं ब्रिजचे पॅरामीटर लिहिलेत, ते मला मागे घेता येत नाहीत, थेट अप्लाय करा. केलं. एसएसएच (लॅपटॉपवरून सर्व्हर चालवायचा मार्ग) गेलं ते गेलंच.

कपाटाच्या मागे मॉनिटर नि कीबोर्ड लावायची कसरत केली तेव्हा दिसलं की सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त आयपी बदललाय. ब्रिजला नवीनच मॅक ॲड्रेस मिळाला होता, आणि राऊटरमध्ये मी आयपी राखून ठेवला होता तो कार्डाच्या मॅकवर. फाइलमध्ये ब्रिजलाच कार्डाचा मॅक दिला की जुना आयपी परत.

आता व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (तिच्या सेटिंगची फाइल) इंटरफेसचा टाइप ब्रिज आणि सोर्स बीआर० केला, व्हीएम चालू केली, आणि आयपीच नाही. इथे दोन रात्री गेल्या. केबल बदलली, राऊटर रीस्टार्ट केला, नेटप्लॅनची फाइल पाच वेळा नव्याने लिहिली, स्पेस मोजून मोजून. शेवटी टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. व्हीनेट० (व्हीएमचं ब्रिजला जोडलेलं टोक) वर डीएचसीपीची मागणी दिसते, बीआर० वर पण दिसते, ईएनपी३एस० वर मात्र काहीच नाही. म्हणजे पॅकेट ब्रिजपर्यंत येतंय आणि आतल्या आत गायब होतंय. एवढं कळल्यावर आयपीटेबल्सची (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेन (पुढे जाणाऱ्या पॅकेटचे नियम) उघडली, पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठल्याच नियमात न बसणारं फेकून द्या, आणि व्हीएमने मागणी केली की तिथला आकडा वाढतोय!

हा डॉकरचा प्रताप. त्याच सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे आणि तो फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो. एरवी ब्रिजवरून जाणाऱ्या फ्रेमचा आयपीटेबल्सशी संबंध यायला नको, पण बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड होऊन त्याची सेटिंग १ असेल तर त्याही तिथूनच जातात. नॅटवर हीच व्हीएम चालत होती कारण लिबव्हर्ट नॅटसाठी आपले नियम स्वतः घालतं, माझ्या हाताने केलेल्या ब्रिजसाठी कोण घालणार.

बरेच जण ती बीआर-नेटफिल्टरची सेटिंग सिस्टीएलमधून (कर्नलच्या सेटिंग बदलायची सोय) ० करतात. मीही केली, चाललं, पण रीबूटनंतर परत १, कारण बूट होताना सिस्टीएल आधी वाचलं जातं आणि मॉड्यूल नंतर डॉकरबरोबर येतं. म्हणून मी डॉकर-यूझर चेनमध्ये (डॉकरने वापरणाऱ्याच्या नियमांसाठी मोकळी ठेवलेली) बीआर० कडून बीआर० कडे जाणाऱ्याला ॲक्सेप्ट, असा एकच नियम टाकला आणि डॉकरनंतर चालणाऱ्या छोट्या सिस्टीमडी सर्व्हिसमध्ये (बूट होताना आपोआप चालणारं काम) तो ठेवून दिला.

व्हीएमला लगेच आयपी आला. राऊटरच्या यादीत ५२:५४:०० ने सुरू होणारे, म्हणजे माझ्या व्हीएमचे, तीन मॅक ओळीने दिसतात आता, आणि होस्टवरून बॅकअपही नीट होतोय. मॉनिटर अजून कपाटामागेच आहे, काढायचा कंटाळा.