दोन कोटेशनं आणि एका हळदीचं फुटेज

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशीन, असेंबल करते. दिवाळी जवळ आली की आमच्याकडे लग्नांचं शूटिंग करणाऱ्यांची गर्दी सुरू होते. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा हंगाम उघडतो, मशीन त्याआधी हातात हवं. २०२४ च्या दिवाळीआधी पेणचे एक व्हिडिओग्राफर आले, बरोबर त्यांचा मेहुणा. दोघांकडे दोन वेगळी कोटेशनं होती आणि वाद बहुधा एसटीतच सुरू झाला होता.

मेहुण्याच्या कागदावर एएमडीचा रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी. भावजींच्या, म्हणजे व्हिडिओग्राफरांच्या, कागदावर इंटेलचा आय-सेव्हन १४७००एफ आणि एच६१० बोर्ड, त्यांच्या गावाजवळच्या कुणीतरी लिहून दिलेला. ग्राफिक्स कार्ड दोन्हीकडे आरटीएक्स ४०६०.

"ताई, तुम्हीच सांगा याला," भावजी म्हणाले. "माझे वीस कोअर, याचे आठ. यात वाद कसला?"

कोअर म्हणजे प्रोसेसरमधली एकाच वेळी काम करणारी एककं. पण मेहुणाही काही कच्चा नव्हता. ७८००एक्सथ्रीडीवर ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, त्यामुळे गेममध्ये त्या प्रोसेसरने भल्याभल्यांना मागे टाकलं. शिवाय एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने त्याच वर्षी जाहीर केलं होतं. उलट इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट २०२१ मध्ये आला आणि चौदाव्या पिढीवर संपला. त्याचं म्हणणं होतं की भावजी मेलेल्या सॉकेटवर पैसे घालतायत. प्रत्येक मुद्दा खरा होता. फक्त त्यातला एकही भावजींच्या कामाचा नव्हता.

मी विचारलं, "कॅमेरा कुठला?" सोनी ए७ फोर, फोरके, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती साठवायची पद्धत), एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत). हे ऐकल्यावर मला दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवावीशी वाटली. नुसतं तोंडाने सांगून मात्र दोघांपैकी एकालाही पटलं नसतं. फुटेज त्यांच्याकडे एसएसडीवर होतं, म्हणून सरळ बाकावर मशीन लावलं.

आधी रायझन. ७८००एक्सथ्रीडी हाताशी नव्हता, रायझन ७ ७७०० होता. कोअर तितकेच आठ. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका हळदीचं फुटेज टाकलं. नवरीच्या गालाला हळद लावणारा हात मध्येच थांबायचा, मग एकदम पुढे उडी मारायचा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर धापा टाकत होता आणि ४०६० चा व्हिडिओ डीकोडचा (उलगडण्याचा) आलेख तळाला चिकटलेला.

मेहुण्याला वाटलं ड्रायव्हर बिघडलाय. ड्रायव्हर ठीक होता. साध्या ४:२:० व्हिडिओत चार पिक्सेलच्या चौकटीमागे रंगाची माहिती एकदाच साठवतात, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एकदा. हळदीचा पिवळा आणि त्वचेचा रंग नंतर नीट सुधारता यावा म्हणून हे लोक ४:२:२ वर शूट करतात, आणि ते बरोबरच आहे. पण एच.२६५ मधलं ४:२:२ उलगडणारं सर्किट ना ४०६० मध्ये आहे, ना रायझन ७००० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये. सगळा भार कोअरवर येतो. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या सर्किटला मात्र डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून हे जमतं.

भावजींचा चेहरा खुलला. तेवढ्यात मी त्यांचा कागद पुढे ओढला. १४७००एफ मधला एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. काही पैसे वाचतात, पण ज्याच्यासाठी इंटेल घ्यायचा तेच जातं.

हे दाखवायला आमच्याकडे साधा १४७०० होता. मी मुद्दाम आधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स बंद ठेवलं, म्हणजे तो एफसारखाच झाला. वीस कोअर असल्यामुळे रायझनपेक्षा बरा चालला, पण दोन कॅमेऱ्यांचे अँगल एकत्र लावताच हात पुन्हा अडकायला लागला. मग ते ग्राफिक्स चालू केलं. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात, म्हणून ही सेटिंग हाताने तपासावीच लागते. तेच फुटेज, तेच अँगल, आणि हळद सलग लागली. आलेखात या वेळी इंटेलचं व्हिडिओ डीकोड वर चढलेलं दिसत होतं. भावजींनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि टाइमलाइन पुढेमागे ओढत राहिले. मेहुणा खुर्ची ओढून जवळ बसला.

राहिला मदरबोर्ड. याच्यावर लोक सगळ्यात आधी पैसे वाचवतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. १४७०० कागदावर ६५ वॉटचा, पण जोर लावला की २१९ वॉटपर्यंत वीज खेचतो. ती वीज बोर्डावरच्या व्हीआरएममधून, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागातून, येते, आणि स्वस्त एच६१० वर व्हीआरएम उघडंबोडकं असतं, वर उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकसुद्धा नाही. त्याच प्रोसेसरवर तसा बोर्ड लावून सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी सुरू केली. सुरुवातीचा आकडा छान आला, पण व्हीआरएम तापलं तसा वेग खाली घसरला, आणि पुन्हा वर आलाच नाही. दोन तासांचं लग्न एक्सपोर्ट करताना हेच झालं असतं. एच६१० वरचा एसएसडीचा एम.२ स्लॉटही पीसीआयई ३.० या जुन्या, कमी वेगावरच अडतो, आणि त्यांना तर एसएसडीवरूनच एडिटिंग करायचं होतं.

म्हणून हीटसिंकवाला बी७६० लिहून दिला, आणि तोही डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅमचा. त्यांच्या जुन्या सातव्या पिढीच्या मशीनमध्ये नुकतीच घेतलेली ३२ जीबी, ३२०० वेगाची तशीच रॅम होती, तिथे ती २४०० वेगावर चालत होती. एलजीए१७०० साठी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीचे बोर्ड मिळतात. एएम५ वर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. रॅमचे वाचलेले पैसे बोर्डात गेले. सॉकेट मेल्याची मेहुण्याची काळजी उरली होती. भावजींनी जुन्या मशीनमध्ये इतक्या वर्षांत प्रोसेसर कधी बदलला नव्हता. पुढच्या वेळी बदलतील ते अख्खं मशीनच.

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. तेराव्या-चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू कमजोर होण्याची अडचण इंटेलने त्याच वर्षी मान्य केली होती. त्यावरचा ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती) सप्टेंबरमध्ये आला होता आणि बॉक्स, म्हणजे सीलबंद खोक्यातल्या, प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती. ताजा बायोस टाकल्याशिवाय मी मशीन हातात दिलं नाही, आणि बॉक्स पीसच लावला.

सगळं आटपेपर्यंत दुकानाचं अर्धं शटर खाली आलं होतं. मेहुण्याने आपलं कोटेशन परत मागितलं. त्याला स्वतःला गेमसाठीच मशीन घ्यायचं होतं, आणि त्याच्यासाठी ती यादी चोख होती. मी त्यात फक्त एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलला.

२०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिका आली आणि त्या कार्डांना ४:२:२ उलगडता येतं. त्यामुळे नवं कार्ड घेणाऱ्या एडिटरला आता मी रायझनही बिनधास्त लिहून देते. जुनं ४०६० ठेवणारा आला, तर आजही आधी त्याच्या कॅमेऱ्याचं नाव विचारते.