दोन पानं जास्त

कादंबरीचा पहिला खर्डा १४ महिन्यांत झाला. दीड लाख शब्द. शेवटचं वाक्य लिहिलं त्या रात्री वाटलं, आपलं काम संपलं, आता उरलं ते प्रकाशकाचं. त्यानंतर पुस्तक हातात यायला तीन वर्षं लागली.

लिहिणाऱ्या एका मैत्रिणीनं बजावलं होतं, बाड दीड महिना कपाटात टाक, बघूसुद्धा नकोस. मी आठव्या दिवशी उघडलं आणि सगळं छानच वाटलं, म्हणजे काहीच दिसलं नाही. निमूटपणे परत ठेवलं. दीड महिन्यानं कागदावर छापून मोठ्यानं वाचायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर अडखळले. डोळे जिथून सहज पुढे सरकतात तिथे जीभ अडते. माझ्या गोष्टीतले दोघे भाऊ एकाच सुरात बोलत होते. तो सूर माझा होता.

मग एक तक्ता केला. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: कोण, कुठे, कधी, आणि प्रसंग संपल्यावर काय बदललं. शेवटचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा राहिला. 'कधी'च्या रकान्यानं तर अब्रूच काढली. भाऊ पौर्णिमेच्या चांदण्यात गच्चीवर भांडतात, आणि आठच दिवसांनी समेटाच्या प्रसंगात पुन्हा पूर्ण चंद्र! पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते हे काय मला माहीत नव्हतं? पण चांदणं नसेल तर मला हळवा प्रसंग लिहिताच येत नव्हता. समेट भर दुपारी झाला. बरा झाला.

दोन प्रकाशकांनी नकार दिला. तिसऱ्यांकडून पाच महिने काही कळलंच नाही. चौथ्यांनी घेतली आणि संपादकांशी गाठ घालून दिली. ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "गोष्ट ६२व्या पानावर सुरू होते. त्याआधी काय चाललंय?"

"घराण्याची पार्श्वभूमी..."

"ती तुम्हाला माहीत हवी. वाचकाला कशाला?"

दोन दिवस धुसफुसत काढले. तिसऱ्या दिवशी ६१ पानं वेगळ्या फाइलमध्ये हलवली, कारण पुसायचा धीर नव्हता. नंतर त्यांतली दोन वाक्यं परत आणावी लागली. फक्त दोन.

करार मात्र ओळन्‌ओळ वाचला. भाषांतर, ऑडिओ आणि ई-बुक हे सगळे हक्क एकाच वाक्यात गुंडाळले होते, ते सुटे करून घेतले. आवृत्ती संपल्यावर ठरावीक मुदतीत पुढची निघाली नाही, तर हक्क माझ्याकडे परत, हेही कलम घालून घेतलं. मागताना संकोच वाटला, पण समोरचे सहज हो म्हणाले.

प्रुफं तीनदा वाचली. आपलं मुद्रितशोधन आपण एकट्यानं करू नये. मला कागदावरचं दिसत नव्हतं, मनातलंच दिसत होतं. थोरला भाऊ एका पानावर धाकट्याच्या नावानं वावरत होता. तो मुद्रितशोधकांना सापडला.

सगळं झालं असं वाटत असतानाच संपादकांचा फोन आला. मांडणीत २७४ पानं भरली होती. छपाई १६ पानी फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदावर १६ पानं एकत्र छापून घडी घालायची. १७ फॉर्मांची होतात २७२. दोन पानांसाठी जादा फॉर्म घ्यायचा तर खर्च वाढणार आणि मागे कोरी पानं राहणार. कण्याची जाडीही पानसंख्येवर ठरते, त्यामुळे मुखपृष्ठही अडलेलं. "दोन पानं काढा," एवढंच ते म्हणाले.

कुठली काढायची ते दोघांनाही ठाऊक होतं. वडिलांचं पत्र. जवळपास दोन पानांचं, अक्षरन्‌अक्षर दिलेलं. संपादकांनी दोनदा सुचवूनही मी त्याला हात लावू दिला नव्हता. त्यांचा मुद्दा मी खोडून काढला होता, पण भागाकाराशी काय वाद घालणार? पत्राच्या जागी एक ओळ टाकली: थोरल्यानं पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

पुस्तक आल्यावर एका वाचकाचा फोन आला. त्यांना सगळ्यात काय आवडलं, तर पत्रात काय होतं ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "किती संयम!" म्हणाले.

मी आभार मानले.